लोकेशन मोबाईलवर शोधा, पण पक्कं करा पायी जाऊनच



मागच्या व्हिडिओत मी प्रॉडक्ट फोटोग्राफीबद्दल बोललो. त्यानंतर सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न एकच होता: "भाऊ, कॅमेरा घेतला, लाईट घेतला, आता चांगली लोकेशन कुठे शोधू?" विचारणाऱ्यांत प्री-वेडिंग शूट सुरू करणारी पोरं होती, बांबूच्या वस्तू विकणारी एक ताई होती आणि गावाकडे होमस्टे टाकू पाहणारे एक काकाही होते. धंदे वेगळे, पण अडचण सगळ्यांची सारखीच.

या प्रश्नावर माझं मत जरा ठाम आहे, म्हणून व्हिडिओत दोन वाक्यांत उरकण्यापेक्षा इथे सविस्तर लिहितो.

आधी मत सांगून टाकतो. लोकेशन शोधायची ऑनलाईन साधनं आपल्यासारख्या छोट्या माणसासाठी फुकटात मिळालेलं भांडवल आहे आणि ती न वापरणं म्हणजे शुद्ध आळस. पण या साधनांचं काम तुमची यादी लहान करण्यापुरतं आहे. शेवटचा निर्णय त्यांच्यावर सोडलात, तर चंद्रपूर-गडचिरोलीत तुमचे पैसे तर जातीलच, एखाद्या दिवशी जिवावरही बेतेल.

माझी फजिती

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या दुकानात गिफ्टच्या वस्तूंसोबत बांबूचे दिवे आणि ट्रे असतात. त्यांचा कॅटलॉग करायचा होता. मी सॅटेलाईट नकाशा उघडला, मूलच्या रस्त्याला एक सुंदर तलाव दिसला. निळंशार पाणी, कडेला झाडी. मी खूश. फोटोग्राफर मित्राला बोलावलं, भाड्याची गाडी केली, सामान भरलं आणि एप्रिलच्या एका पहाटे निघालो.

पोहोचलो तर पाण्याचा पत्ता नाही! भेगा पडलेला गाळ आणि मधोमध बसलेल्या चार म्हशी. नकाशातला फोटो पावसाळा संपतानाचा होता. तारीख मी पाहिलीच नव्हती. गाडी, मित्राचा दिवस, नाश्ता-पाणी धरून चार हजारांच्या आसपास गेले आणि हाती एकही फोटो नाही. चूक नकाशाची नव्हती, माझीच होती. तलाव जिथे दाखवला होता तिथेच होता. फक्त तो कधी भरलेला असतो, हे मी विचारलं नव्हतं.

परत येताना गावातल्या एका आजोबांनी सांगितलं, "हा मामा तलाव हाय बाबू, दिवाळीत ये." मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. आपल्या पूर्व विदर्भात असे तलाव गावोगावी आहेत. धानाला पाणी द्यायला बांधलेले, उन्हाळ्यात बरेचसे आटणारे. आजोबांनी एका वाक्यात जे सांगितलं, ते मला घरी बसून दोन मिनिटांत बघता आलं असतं. कसं, ते आता सांगतो.

कोणतं साधन कशासाठी

बीबीए करताना मार्केटिंगच्या पेपरात 'प्लेस' शिकवलं होतं, म्हणजे माल कुठे आणि कधी उपलब्ध असावा. फोटोच्या लोकेशनलाही तेच लागू आहे. 'कुठे' हा प्रश्न सोपा असतो. 'कधी', 'कोणाची जागा' आणि 'परत कसं यायचं' हे तीन प्रश्न अवघड असतात. साधनंही याच क्रमाने वापरा.

पहिलं, कुठे. गुगल मॅप्सवर नुसता तलाव किंवा किल्ला शोधू नका. त्या जागेखाली लोकांनी टाकलेले फोटो बघा आणि ते कोणत्या महिन्यातले आहेत ते बघा. इन्स्टाग्रामवर लोकेशन टॅग उघडा, पण टॉपच्या रील्स सोडा आणि अलीकडच्या साध्या पोस्ट बघा. रीलमध्ये रंग वाढवलेले असतात. कोण्या मावशीने काढलेल्या फॅमिली फोटोत जागा खरी दिसते: कचरा किती, गर्दी किती, रेलिंग आहे की नाही.

दुसरं, कधी. कॉम्प्युटरवर गुगल अर्थ प्रो टाका, फुकट आहे. त्यात जुनी सॅटेलाईट चित्रं तारखेप्रमाणे मागे नेऊन बघता येतात. तलाव एप्रिलमध्ये कोरडा असतो की भरलेला, ते तिथेच कळतं. कोपर्निकस ब्राउझर हे युरोपचं फुकट संकेतस्थळ आहे. त्यावर सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं काही दिवसांच्या अंतराने मिळतात. ती गुगलइतकी बारीक नसतात, पण पाणी आहे का, धान हिरवं आहे की पिवळं पडलं, एवढं नक्की दिसतं. आपल्या इस्रोचं भुवनही एकदा उघडून बघा.

तिसरं, उजेड. सनकॅल्क किंवा फोटोपिल्ससारखी साधनं त्या जागेवर त्या तारखेला सूर्य कोणत्या बाजूने उगवेल, हे नकाशावर रेघ मारून दाखवतात. तुम्ही म्हणाल, सूर्य पूर्वेलाच उगवतो ना भाऊ! नाही. आपल्या अक्षांशावर जून आणि डिसेंबर यांच्यात सूर्योदयाची जागा जवळपास ५० अंशांनी सरकते. जूनमध्ये ज्या झाडामागून सूर्य वर येत होता, तिथून तो डिसेंबरमध्ये येत नाही. वेळही बदलते. चंद्रपुरात मेअखेर साडेपाचच्या सुमारास उगवतो, तर डिसेंबरअखेर पावणेसात वाजतात. जोडप्याला पाचला बोलावून पावणेदोन तास थंडीत कुडकुडत ठेवलंत, तर फोटोत हसू कुठून येणार?

चौथं, हवामान. मे आणि जूनमध्ये उघड्या माळावर किंवा तलावाच्या पाळीवर शूट असेल तर 'दामिनी' अॅप मोबाईलमध्ये असलंच पाहिजे. ते पुण्याच्या आयआयटीएम संस्थेने तयार केलंय आणि आसपास वीज पडण्याचा इशारा देतं. धातूचा लाईट स्टँड हातात धरून माळावर उभा राहणारा माणूस कोण असतो? आपणच.

आणि एक छोटी गोष्ट. निघण्याआधी त्या भागाचा ऑफलाईन नकाशा डाऊनलोड करून ठेवा. आलापल्लीच्या पुढे नेटवर्क तुमच्या भरवशावर चालत नाही. सिरोंचा तर गडचिरोली शहरापासून २०० किलोमीटरहून लांब आहे. तिथे रस्ता चुकलात की दिवस गेला.

नकाशा जे दाखवत नाही

आता मुद्द्यावर येतो. पुणे-मुंबईचे ट्रेनर जो सल्ला देतात तो आपल्याकडे जसाच्या तसा का चालत नाही, हे नीट समजून घ्या.

नकाशावर हिरवा डाग दिसतो. त्या हिरव्यात कोण राहतं ते दिसत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायकांना वाघाने एकाच दिवशी मारलं. त्या त्याच जंगलात वाढलेल्या, तिथली प्रत्येक वाट माहीत असलेल्या बायका होत्या. आणि आपण सनकॅल्कची रेघ बघून पहाटे साडेपाचला नवरी-नवरदेवाला घेऊन झुडपात शिरणार? चंद्रपूरच्या वीज केंद्राच्या आवारापर्यंत वाघ येतात. जुनोन्याचा तलाव फोटोत कितीही शांत दिसला तरी तो ताडोब्याच्या बफरच्या जंगलात आहे. गडचिरोलीत छत्तीसगडकडून आलेल्या रानटी हत्तींचा कळप फिरतो, त्याचं लोकेशन कोणत्याच टॅगमध्ये नसतं. ज्याला फोटोग्राफर 'गोल्डन अवर' म्हणतात, तीच पहाट आणि तीच संध्याकाळ जनावरांच्या फिरण्याचीही वेळ असते. ही एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी हा लेख वसूल.

पाण्याचंही तसंच आहे. घोडाझरीचा तलाव नागभीडजवळ, डोंगरांच्या कुशीत, दिसायला अप्रतिम. तिथेच मार्च २०२५ मध्ये पाच तरुण पोरं बुडाली. सॅटेलाईट चित्रात पाण्याची खोली दिसत नाही. "थोडं अजून मागे जा, रिफ्लेक्शन मस्त येतंय" हे वाक्य तोंडातून काढण्याआधी तिथल्या एखाद्या ढिवराला विचारा. कुठे गाळ आहे, कुठे खोल आहे, हे त्याला पिढ्यांपासून माहीत असतं.

तिसरी न दिसणारी गोष्ट म्हणजे मालकी. अभयारण्यात फोटोग्राफीसाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ प्रमाणे परवाना लागतो. राखीव जंगलात विनापरवानगी शिरणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्ह्यात मोडतं. ताडोब्याचा कोअर भाग पावसाळ्यात, म्हणजे १ जुलै ते ३० सप्टेंबर, पर्यटनासाठी बंद असतो आणि मंगळवारी सफारी नसते. मार्कंडा देवाची मंदिरं, चंद्रपूरचा परकोट, गोंडराजांच्या समाध्या या पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत. मोबाईलवर घरचे फोटो काढणं वेगळं आणि ट्रायपॉड, मॉडेल घेऊन धंद्याचं शूट करणं वेगळं. त्यासाठी आधी अर्ज करा. ड्रोनचं तर विचारूच नका! डिजिटल स्काय या सरकारी पोर्टलच्या नकाशावर हिरवा, पिवळा, लाल असे झोन असतात. पण हिरवा झोन दिसला म्हणजे वनखात्याने आणि पोलिसांनी होकार दिला असं होत नाही. गडचिरोलीत पोलीस ठाण्यात सांगितल्याशिवाय ड्रोन उडवायचा विचारही मनात आणू नका.

आणि ग्रामसभा. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळाले. आज गडचिरोलीत शेकडो गावांकडे असे हक्क आहेत. म्हणजे तुम्हाला 'रिकामं जंगल' वाटतं, त्याला मालक आहे आणि तो मालक गावात बसलाय. आधी जाऊन "राम राम" म्हणा, काय करायचंय ते सांगा. मला आजवर गावातल्या माणसांनी नाही म्हटलेलं नाही. न विचारता घुसलेल्यांना मात्र गावाबाहेर काढलेलं मी पाहिलंय, आणि बरोबर काढलं.

हिशेब करून बघा

"भाऊ, एवढी रेकी करायला वेळ आणि पैसा कुठाय?" असं वाटत असेल, तर हा हिशेब बघा.

समजा तुमचं प्री-वेडिंग पॅकेज १५,००० रुपयांचं. गाडी १,५००, असिस्टंट १,५००, सगळ्यांचं खाणं-पिणं १,०००, एडिटिंग आणि अल्बम ५,०००. एकूण खर्च ९,०००. हाती राहिले ६,०००. आता लोकेशन फसलं आणि शूट परत करावं लागलं, तर गाडी, असिस्टंट, खाणं मिळून ४,००० पुन्हा गेले. नफा उरला २,०००. वर क्लायंटच्या घरचे नाराज आणि त्याच्या भावाच्या लग्नाची ऑर्डर दुसऱ्याकडे.

याउलट आधी एक दिवस बाईकवर जाऊन जागा बघून आलात, तर पेट्रोल, चहा-नाश्ता धरून ४००-५०० रुपये. पाचशे वाचवायला चार हजार पणाला लावणं याला मी धंदा म्हणत नाही. आणि एकदा बघितलेली जागा पुढच्या दहा ऑर्डरींना कामाला येते. तो खर्च एका शूटच्या नावावर टाकू नका, ती गुंतवणूक आहे.

सगळ्यांना ताडोबाच का?

माझी दुसरी तक्रार तुमच्याबद्दल आहे, राग मानू नका. ऑनलाईन शोधलं की सगळ्यांना तीच पाच ठिकाणं दिसतात, कारण जे जास्त बघितलं जातं तेच वर येतं. मग सगळ्यांचे फोटो सारखे. गिऱ्हाईक म्हणतं, "हे तर त्या दुसऱ्या स्टुडिओचंही असंच आहे, तो दोन हजार कमी घेतो." मग भावावर भांडत बसा.

ऑनलाईन साधनांचा खरा फायदा घ्यायचा तर दुकानापासून २५ किलोमीटरचं वर्तुळ काढा आणि त्याच्या आतच शोधा. चंद्रपूरकरांनो, जटपुरा आणि पठाणपुरा गेटमधून रोज जाता, पण परकोटाच्या भिंतीवर सकाळचा उजेड कोणत्या महिन्यात कसा पडतो, ते कधी बघितलंय? त्या भिंतीवर झाडं-झुडपं माजली होती. २०१७ पासून इको-प्रोच्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या हातांनी ती साफ केली. जुन्या फोटोंवरून ठरवाल, तर ही जागा यादीत येणारच नाही. बल्लारपूरला वर्धेच्या काठचा किल्ला आहे, भद्रावतीला विजासन लेणी आहेत. गडचिरोलीकडे मार्कंड्याला वैनगंगा चक्क उत्तरेकडे वाहते. वैरागडचा किल्ला आहे. लांब जायची तयारी असेल तर सिरोंच्याला प्राणहिता आणि गोदावरीचा संगम आहे.

आणि जागेइतकाच महत्त्वाचा ऋतू. फेब्रुवारी-मार्चमध्ये पळस पेटलेला असतो. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं पडतात. जुलैत रोवणी, दिवाळीच्या सुमारास पिवळं धान. आरमोरीच्या कोसा साडीचा फोटो फुललेल्या पळसाखाली काढा, मोहाचे लाडू मोहाच्याच झाडाखाली ठेवून काढा. नागपूरच्या स्टुडिओवाल्याकडे सगळे लाईट असतील, पण मार्चमधला पळस त्याला भाड्याने मिळत नाही.

लोकेशन शेअर करावी की लपवावी?

यावर आमच्या बॅचमध्ये दर वेळी वाद होतो. अर्धे म्हणतात, सांगितलं तर कॉम्पिटिशन वाढेल. अर्धे म्हणतात, टॅग केलं तर रीच वाढेल. माझा नियम सोपा आहे: माणसांची जागा सांगा, जनावरांची जागा लपवा.

गावातला होमस्टे, बांबू कारागिराचं घर, नावाडी, चहाची टपरी हे सगळं टॅग करा. त्यांना गिऱ्हाईक मिळालं की पुढच्या वेळी तुमच्यासाठी गाव उभं राहतं. पण वाघाचा पाणवठा, पक्ष्याचं घरटं, पिल्लांची जागा, यांचं लोकेशन टॅग करायचं नाही. फोटो फाईलमध्येही जीपीएस लपलेलं असतं, ते अपलोड करण्याआधी काढून टाका. आठवतं ना, ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांची वाट जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवली होती? त्याची दखल उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून घेतली. प्रत्येकाला तोच फोटो हवा होता. वाघ त्रासला की नियम कडक होतात, आणि नियम कडक झाले की सगळ्यात आधी पोट मारलं जातं ते गाईडचं, जिप्सीवाल्याचं, होमस्टेवाल्याचं. म्हणजे आपल्याच लोकांचं.

आणि कॉम्पिटिशनची भीती? लोकेशनचा पिन कोणीही चोरू शकतो. पण त्या गावातला पाटील तुम्हाला नावाने ओळखतो, तलाव कोणत्या आठवड्यात काठोकाठ असतो हे तुम्हाला माहीत आहे, अंघोळीच्या वेळी बायका कोणत्या घाटावर असतात म्हणून तिकडे कॅमेरा न्यायचा नाही हे तुम्हाला कळतं. हे कोणी स्क्रीनशॉट काढून नेऊ शकत नाही. गिऱ्हाईक पैसे याचेच देतं.

या आठवड्याचं काम

नुसतं वाचून सोडू नका. एक वही घ्या, बारा पानांवर बारा महिने लिहा.

१. दुकानाभोवतीचं २५ किलोमीटरचं वर्तुळ नकाशावर काढा आणि दहा जागा लिहा.

२. प्रत्येक जागेची जुनी सॅटेलाईट चित्रं बघून ती कोणत्या महिन्यात चांगली ते ठरवा आणि त्या पानावर लिहा.

३. सूर्य कोणत्या बाजूने येतो ते लिहा.

४. जागा कोणाची: वनखातं, पुरातत्त्व, ग्रामसभा की खासगी? परवानगी कोणाकडे मागायची?

५. दहातल्या तीन जागी स्वतः जा. दिवसाउजेडी आणि एकटं नाही. तिथल्या एका माणसाशी ओळख करा, त्याचा नंबर घ्या. त्याने शूटच्या दिवशी मदत केली तर त्याला पैसे द्या आणि ते पैसे पॅकेजमध्ये आधीच धरा. चहावर भागवू नका.

वर्षभरात ही वही भरली की ती तुमच्या दुकानाची मालमत्ता झाली. कॅमेऱ्याची किंमत दरवर्षी उतरते, या वहीची वाढते.

माझी वही त्या कोरड्या तलावापासून सुरू झाली. एप्रिलच्या पानावर मी लाल पेनाने लिहिलंय: "पाणी नाही. दिवाळीत ये." त्या दिवाळीत मी गेलो. तलाव काठोकाठ, पाळीच्या पलीकडे पिवळं धान. तेच आजोबा भेटले. संध्याकाळ व्हायला लागली तसे म्हणाले, "आता गुंडाळ बाबू, अंधार पडाच्या आत गाव गाठ." आम्ही गुंडाळलं. अजून दहा मिनिटं थांबलो असतो तर कदाचित अजून एक चांगला फोटो मिळाला असता. पण जे मिळाले त्यावरच माझा कॅटलॉग झाला आणि आम्ही सगळे रात्रीच्या जेवणाला घरी होतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत वही काढा, कामाला लागा.